हायड्रोजन बंध मायक्रोवेव्हमध्ये 'दिसतो' तरी कुठे? एम.एस्सी. सेमिनार, मदत हवी

जांबोटी_बस · सोमवार, रात्री 10:40

नमस्कार. एम.एस्सी. केमिस्ट्री, दुसरं वर्ष, बेळगाव. पुढच्या गुरुवारी माझा सेमिनार आहे: मायक्रोवेव्ह स्पेक्ट्रोस्कोपीतून रेणूचा आकार आणि रेणूच्या आतला हायड्रोजन बंध, म्हणजे एका अणूला जोडलेला हायड्रोजन त्याच रेणूतल्या दुसऱ्या ऑक्सिजन किंवा नायट्रोजनलाही धरतो तो. विषय कुणी गळ्यात मारला नाही, मीच हौसेनं मागून घेतला आणि आता पस्तावूलालेय.

इन्फ्रारेडमध्ये मला सगळं समजतं. ओ–एचची, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीची, रेष 3600 प्रति सेंटिमीटरच्या आसपास असते, बंध झाला की खाली सरकते, रुंद होते, बोट ठेवून दाखवता येतं. बी.एस्सी.ला ऑर्थो आणि पॅरा नायट्रोफिनॉल वाफेनं वेगळे केले होते, तेही डोळ्यांनी बघितलंय. ऑर्थो पिवळा होऊन पलीकडच्या फ्लास्कमध्ये जातो, पॅरा जागेवर बसून राहतो. ऑर्थोचा बंध स्वतःच्या पोटात, म्हणून तो 45 अंशाला वितळतो आणि पॅरा 114 ला. इथपर्यंत ठीक.

मायक्रोवेव्हचा धडा मात्र आमच्या पुस्तकात कार्बन मोनॉक्साइडवर सुरू होतो आणि तिथंच संपतो. दोन रेषांमधलं अंतर 2बी, त्यावरून बंधाची लांबी, इति. आणि पेपर वाचायला घेतले तर थेट लिहिलेलं असतं की ए, बी, सी या तीन घूर्णन स्थिरांकांवरून (रेणू तीन अक्षांभोवती किती सहज फिरतो ते सांगणारे आकडे) अंतर्गत हायड्रोजन बंध असलेलं रूप ओळखलं. अहो, तीन आकडे! आणि हायड्रोजनचं वजन 1, रेणूचं 60. हत्तीवर बसलेली माशी हत्तीचं वजन करून कशी शोधायची?

परवा रंगीत तालीम झाली. गाईडनी स्पेक्ट्रमच्या चित्रावर पेन टेकवून विचारलं, "हेळम्मा (सांग बाई), यातली हायड्रोजन बंधाची रेष कुठली?" मी गप्प. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ओव्हनमध्ये घालून बघ.

आमच्याकडे हे यंत्र नाही, मी कधी बघितलेलंही नाही. कुणी सांगेल काय?

---

कुंदा_पाव_किलो · सोमवार, रात्री 11:05

ओव्हनमध्ये घालून बघच. नाहीच जमलं तर निदान चहा गरम होईल.

---

धारवाड_78 · मंगळवार, सकाळी 6:20

बाळ, आधी मागच्या बाकाचा हिशोब चुकता करू. घरातला ओव्हन 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो आणि तिथं पाण्याच्या रेणूची घूर्णनाची रेषच नाही. द्रवात रेणू मोकळा फिरतच नाही, शेजारी धरून ठेवतात. विजेचं क्षेत्र उलटसुलट होतं, रेणू त्याच्यामागं वळायची धडपड करतात, त्या ओढाताणीत पाणी तापतं. स्पेक्ट्रोस्कोपीला वायू लागतो, तोही अगदी विरळ, म्हणजे रेणूला एकट्यानं गरगर फिरता येईल. आणि रेणूला कायमचा डायपोल हवा, म्हणजे एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. तो नसला तर लहरीला पकडायला मूठच मिळत नाही.

आता तुझ्या गाईडचा प्रश्न. तो चांगला आहे, आणि त्याचं उत्तर "एकही नाही" असं आहे. हे उत्तर घाबरत देऊ नकोस, ठासून दे. इन्फ्रारेड एकेका बंधाला वेगळं गाठून विचारतो. मायक्रोवेव्हमध्ये अख्खा रेणू फिरतो, म्हणून प्रत्येक रेष अख्ख्या रेणूबद्दल बोलते. कुठलं वजन अक्षापासून किती लांब आहे, एवढंच ती सांगते. हायड्रोजन बंध तिथून आपण काढायचा असतो.

मी धारवाडला एम.एस्सी. केलं 1978 ला. तेव्हा आमच्या सरांनी फळ्यावर क्लिस्ट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह तयार करणारी नळी, आणि त्या लहरी वाहून नेणारी पितळेची चौकोनी नळी काढून दाखवली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या रडारचं सामान लढाई संपल्यावर प्रयोगशाळांच्या हाती आलं आणि हा विषय वाढला. पहिली झलक त्याआधीची: 1934 मध्ये मिशिगनला क्लीटन आणि विल्यम्स यांनी अमोनियाचं शोषण सव्वा सेंटिमीटरच्या लहरीवर पकडलं. गंमत म्हणजे युद्धात त्याच सव्वा सेंटिमीटरच्या आसपास रडार बांधलं, आणि हवेतली वाफ त्या लहरी गिळते असं निघालं. पाण्याची एक रेष 22.2 गिगाहर्ट्झला आहे ना, तिचा प्रताप. आपल्या जांबोटी-कणकुंबीच्या जुलैत तर त्या रडारला समोरचं झाडसुद्धा दिसलं नसतं.

असो, म्हातारा भरकटला. कॅल्क्युलेटर काढ.

ग्लायकोलाल्डिहाइड घे. दोन कार्बन, दोन ऑक्सिजन, चार हायड्रोजन, वजन 60. एका टोकाला हायड्रॉक्सिल, दुसऱ्या टोकाला अल्डिहाइड. साखरेच्या कुळातला सगळ्यात धाकटा, तेव्हा साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात शोभेल. सन 2000 मध्ये तो आकाशगंगेच्या मध्याजवळच्या धनु बी-2 या ढगात सापडला, तोही याच रेषांवरून. त्याचे स्थिरांक: ए 18446, बी 6526, सी 4969 मेगाहर्ट्झ.

505379 या आकड्याला प्रत्येकानं भाग. येतो तो जडत्व आघूर्ण (त्या अक्षाभोवती रेणू फिरवायला किती जड ते), अणुभार एकक गुणिले अँगस्ट्रॉमचा वर्ग या मापात. अनुक्रमे 27.398, 77.441 आणि 101.706. आता रेणू कागदासारखा सपाट असता तर पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याएवढी आली असती. बेरीज येते 104.839. फरक 3.13.

हा फरक कुणाचा? कागदाच्या वर-खाली जे अणू आहेत त्यांचा. मधल्या कार्बनवरचे दोन हायड्रोजन, एक वर एक खाली, हे सक्तीचेच. फरक म्हणजे वस्तुमान गुणिले उंचीचा वर्ग, सगळ्या अणूंची बेरीज, तिची दुप्पट. दोन हायड्रोजनांसाठी 4.032 गुणिले उंचीचा वर्ग बरोबर 3.13. उंची आली 0.88 अँगस्ट्रॉम. कार्बनवरचे दोन हायड्रोजन जिथं असायला हवेत तिथंच. म्हणजे अख्खा फरक त्या दोघांनीच भरून काढला. हायड्रॉक्सिलच्या हायड्रोजनला द्यायला काही उरलंच नाही, म्हणजे तो कागदाच्या प्रतलात आहे. प्रतलात आहे म्हणजे कार्बोनिलच्या, म्हणजे अल्डिहाइडच्या टोकाच्या, ऑक्सिजनकडे वळलेला आहे. झाला बंध सिद्ध. माशी सापडली की नाही?

---

उद्यमबाग_शाफ्टवाला · मंगळवार, दुपारी 1:15

जेवणाच्या सुट्टीत वाचूलालोय. केमिस्ट्री बारावीलाच सोडली, पण हे तर आमचंच काम निघालं की वो!

आमच्याकडं क्रँकशाफ्ट, फॅनचे रोटर बॅलन्सिंगला येतात. मशीनवर चढवून फिरवायचं. आतमध्ये कास्टिंगला कुठं पोकळी आहे ते बघायला शाफ्ट कापावा लागत नाही, फिरताना तो आपणच सांगतो. साइटवर मोठा ब्लोअर असला की ट्रायल वेट लावतो. आधी तसाच फिरवून व्हायब्रेशन लिहून घ्यायचं. मग एका जागी माहीत असलेलं वजन चिकटवायचं, पुन्हा फिरवायचं. दोन्हीतल्या फरकावरून कळतं मूळ गडबड कुठल्या अंशाला आहे ते.

तुमच्या रेणूला ट्रायल वेट लावता येतं काय?

---

आर्गॉन_निपाणी · मंगळवार, रात्री 11:50

शाफ्टवाले काका, तुम्ही एका वाक्यात माझी पीएच.डी. सांगितलीत. येतं लावता. त्याला आम्ही ड्युटेरियम म्हणतो, म्हणजे दुप्पट वजनाचा हायड्रोजन.

पण त्याआधी धारवाडच्या सरांना विनंती. सर, 3.13 चं गणित एक नंबर, पण शेवटच्या दोन वाक्यांत तुम्ही उडी मारली. हायड्रोजन प्रतलात आहे एवढंच सिद्ध झालं. प्रतलात राहून तो आत, कार्बोनिलकडे वळू शकतो. तसाच पाठ फिरवून बाहेरही बघू शकतो. दोन्ही वेळा फरक 3.13 च्याच जवळपास येईल. सेमिनारमध्ये कुणी हे विचारलं तर बिचारीची पंचाईत.

म्हणून पुढचं ऐक, जांबोटी. आठ अणू म्हणजे आकाराचे 18 अज्ञात, आणि हातात तीन आकडे. तुझी शंका अगदी रास्त आहे. तीन आकड्यांवरून आकार कोणीच काढत नाही. रेणूची जी जी रूपं शक्य आहेत ती आधी गणितानं मांडतात, प्रत्येकाचे ए, बी, सी काढतात आणि मोजलेले कुणाशी जुळतात ते बघतात. ग्लायकोलाल्डिहाइडमध्ये दोन ऑक्सिजन विरुद्ध बाजूंना गेले तर रेणू लांबट होतो, ए वाढतो, बी आणि सी घटतात. तेव्हा ते रूप लगेच बाद. सांगाडा असा जड अणूंवरून ठरतो. तुझी हत्तीची उपमा इथं बरोबर आहे: आधी हत्ती कसा उभा आहे ते कळतं, आणि तो तसा का उभा आहे त्यावरून माशीचा संशय येतो.

मग माशीला मुद्दाम जड करायचं. नमुना डी₂ओच्या, म्हणजे ड्युटेरियमवाल्या जड पाण्याच्या, वाफेबरोबर सोडला की हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन आपसूक बदलून ड्युटेरियम होतो. कार्बनवरचे हलत नाहीत. वजन 1 चं 2 झालं, फक्त त्या एका जागी. समजा एखाद्या मोठ्या रेणूचा बी 2000 मेगाहर्ट्झ आहे, आणि तो हायड्रोजन अक्षापासून 3 अँगस्ट्रॉम लांब आहे. आघूर्ण 252.7 होता, त्यात साधारण 9 ची भर. नवा बी 1931. म्हणजे 69 मेगाहर्ट्झची घसरण, आणि आम्ही रेष वाचतो एक-दोन किलोहर्ट्झपर्यंत. तो हायड्रोजन अँगस्ट्रॉमच्या शंभराव्या भागानं जरी सरकला तरी सव्वाचारशे-साडेचारशे किलोहर्ट्झचा फरक पडतो. माशी लहान असेल, पण तराजू कुठला आहे ते बघ. ग्लायकोलाल्डिहाइडमध्ये आत वळलेला हायड्रोजन वस्तुमानकेंद्राच्या जवळ पडतो, बाहेर वळलेला लांब. ड्युटेरियम घातलं की दोघांचा निवाडा होतो. तो आतच आहे.

या गणिताची समीकरणं क्रेचमनची, 1953 ची. काका, तुमच्या आणि आमच्या मशीनमध्ये एकच फरक: तुमच्याकडे वजन गुणिले अंतर मोजलं जातं, म्हणून बाजू कळते. आमच्याकडे अंतराचा वर्ग. त्यामुळे अणू अक्षाच्या डावीकडे की उजवीकडे, ते समीकरण सांगत नाही. ते रसायनशास्त्राच्या अकलेनं ठरवायचं. आणि अणू अक्षाच्या अगदी जवळ असला की हे गणित कोसळतं, कधीकधी वर्गमूळाच्या आत उणे आकडा येतो. माझ्या पहिल्या रेणूत तसंच झालं. दोन दिवस मी प्रोग्रॅममधली चूक शोधत बसलो, चूक नव्हतीच.

आणखी एक खोच, जी हायड्रोजन बंधालाच जास्त टोचते. ड्युटेरियम घातल्यावर रेणू बाकी जसाच्या तसा राहतो असं आपण गृहीत धरतो. तो राहत नाही. ओ–डी बंध किंचित आखूड होतो, आणि बंधाच्या दोन टोकांचे ऑक्सिजनही एकमेकांपासून किंचित सरकतात. ट्रायल वेट लावलं आणि शाफ्टच वाकला, असं काहीसं. म्हणून शहाणी माणसं कार्बन-13 आणि ऑक्सिजन-18 घालूनही मोजतात आणि सगळं एकत्र बसवतात.

डायपोल हा तिसरा साक्षीदार. विजेचं क्षेत्र लावलं की रेषा फाटतात, त्यावरून डायपोल कुठल्या अक्षावर किती ते निघतं. ग्लायकोलाल्डिहाइडचा बी अक्षावर 2.33 डिबाय (डायपोल मोजायचं एकक), ए अक्षावर जेमतेम 0.26. हायड्रोजनची दिशा उलटी केली तर हे प्रमाण बिघडतं. रेणूत नायट्रोजन असेल तर रेषा आणखी बारीक फुटतात, त्यातून नायट्रोजनभोवतीच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी समजते. अमिनोइथेनॉलमध्ये ओ–एच नायट्रोजनकडे वळतो, तिथं हा साक्षीदार उपयोगी पडतो.

यंत्राबद्दल थोडंच सांगतो, कारण माझं त्यावर प्रेम आहे आणि सुरू झालो तर थांबणार नाही. नमुन्याची वाफ आर्गॉन किंवा निऑनमध्ये मिसळायची, आणि बारीक छिद्रातून निर्वात टाकीत फटकन सोडायची. पसरताना वायू इतका थंड होतो की रेणूचं फिरणं दोन-तीन केल्व्हिनवर येतं. खोलीच्या तापमानाला हजारो रेषांची गर्दी असते, इथं मोजक्याच उरतात. टाकीत समोरासमोर दोन मोठे अंतर्वक्र आरसे. मध्ये मायक्रोवेव्हचा एक ठोका द्यायचा, मग कान देऊन ऐकायचं. रेणू एका सुरात फिरत थोडा वेळ गुणगुणत राहतात. त्या गुणगुणण्याचं फूरिये रूपांतर, म्हणजे त्यातले सूर गणितानं वेगळे करणं, हाच तुझा स्पेक्ट्रम. ही पद्धत इलिनॉयला बॉल आणि फ्लायगेअर यांनी बांधली, पेपर 1981 चा. पुढे व्हर्जिनियाला ब्रूक्स पेट यांच्या गटानं एका झपाट्यात मोठा पट्टा मोजणारी चर्प-पल्स पद्धत आणली. आपल्याकडे बंगळूरला आयआयएस्सीत प्रा. ई. अरुणन यांच्या गटानं आरशांचं यंत्र उभं केलं. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची 2011 ची हायड्रोजन बंधाची नवी व्याख्या ज्या गटानं केली त्याचे अध्यक्षही तेच. बेळगावहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी बंगळूर. पत्र लिहून बघायला यायचं विचार, वाईटात वाईट काय होईल, नाही म्हणतील.

---

धारवाड_78 · बुधवार, सकाळी 6:05

निपाणीकर, चूक कबूल. तेहतीस वर्षं शिकवलं, आणि तेहतीस वर्षं ही उडी मारत आलो असेन. एकाही विद्यार्थ्यानं पकडली नाही, की पकडून गप्प बसले, देव जाणे.

---

उद्यमबाग_शाफ्टवाला · बुधवार, दुपारी 1:20

ट्रायल वेट लावलं आणि शाफ्टच वाकला... हे आमच्याकडं खरोखर झालंय एकदा, पण ते इथं नको.

एक विचारतो. आमच्या कूलंटच्या डब्यावर इथिलीन ग्लायकॉल लिहिलेलं असतं. त्याला दोन्हीकडं हायड्रॉक्सिल आहे म्हणे. मग तोही स्वतःच्या पोटात बंध करतो काय?

---

आर्गॉन_निपाणी · बुधवार, रात्री 10:30

काका, तुम्ही नेमकं भांडणाच्या जागेवर बोट ठेवलंत.

वायूत इथिलीन ग्लायकॉल सरळ ताणलेला राहत नाही, दुमडलेला राहतो. दोन्ही ऑक्सिजन एका बाजूला, आणि एका हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन दुसऱ्या ऑक्सिजनकडे बघतो. हे मायक्रोवेव्हनं पक्कं केलंय. त्यात आणखी मजा: दोन्ही हायड्रॉक्सिल सारखेच, मग देणारा कोण आणि घेणारा कोण? ते आळीपाळीनं भूमिका बदलतात, मधला डोंगर न चढता त्यातून बोगदा काढून पलीकडे जातात. त्यामुळे रेषांच्या जोड्या होतात, ऊर्जेतलं अंतर सुमारे 7 गिगाहर्ट्झ. जांबोटी, अशी जोडी दिसली तर घाबरू नकोस, नमुना खराब नाही.

आता भांडण. दुमडलेला आहे म्हणून बंध आहे असं म्हणायचं काय? ओ–एच आणि समोरचा ऑक्सिजन यांच्यातला कोन जेमतेम 110 अंशांच्या आसपास. चांगला हायड्रोजन बंध 180 कडे झुकतो, आणि आयुपॅकची व्याख्याही कोन शक्यतो 110 च्या वर असावा असं म्हणते. पाच अणूंचं कडं फार आखूड पडतं, हात पोचतो पण मूठ वळत नाही. इलेक्ट्रॉन घनतेचं विश्लेषण करणाऱ्यांना ग्लायकॉलमध्ये त्या जागी बंधाची खूण मिळत नाही. उलट बाजूचे म्हणतात, मग तो तसा दुमडून का बसतो? माझं मत विचाराल तर त्याला मी "ओढ" म्हणेन, बंध म्हणायला जीभ अडखळते. ग्लायकोलाल्डिहाइडचं कडंही पाचांचंच आहे, तेव्हा तिथंही फार छाती फुगवू नये. सॅलिसिलाल्डिहाइडमध्ये कडं सहा अणूंचं होतं, तिथं मात्र मी पैज लावीन.

आणि तुमच्या डब्यातल्या द्रवात हे काहीच लागू नाही. तिथं शेजारी इतके आहेत की जो तो त्यांच्याशीच बांधलेला.

जांबोटी, अजून एक. एखाद्या रूपाची रेष मिळाली नाही म्हणून ते रूप नाही असं लिहू नकोस. त्याचा डायपोल लहान असेल, किंवा मधला अडथळा लहान असेल तर आर्गॉनच्या धक्क्यांनी थंड होतानाच ते दुसऱ्या रूपात घसरलं असेल. मी आर्गॉनऐवजी निऑन लावून एकदा हरवलेलं रूप परत मिळवलंय.

---

जांबोटी_बस · शुक्रवार, संध्याकाळी 7:45

काल झाला सेमिनार. 3.13 चं गणित फळ्यावर केलं, बसमध्ये चार वेळा केलेलं होतं, त्यामुळे कॅल्क्युलेटरही लागला नाही. मग धारवाडच्या सरांची उडी मीच मुद्दाम मारली, थोडी थांबले आणि विचारलं, यात चूक कुठं आहे? कुणी बोललं नाही. मागचा बाकही नाही. मग ड्युटेरियम. ट्रायल वेटची गोष्ट सांगितली तेव्हा शिपाईमामा दारात थांबून ऐकत होते, त्यांचा मुलगा उद्यमबागेतच कामाला आहे.

गाईडनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, रेष कुठली. मी म्हटलं, एकही नाही सर, सगळ्याच. ते हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, कार्बन-13 घातलेला नमुना कोण बनवून देणार, खर्च किती? हे मला माहीत नव्हतं.

निपाणीकर, नमुना बनवावाच लागतो काय?

---

आर्गॉन_निपाणी · शुक्रवार, रात्री 11:10

नाही! कार्बन-13 निसर्गात 1.1 टक्का असतोच. रेष पुरेशी ठळक असली की त्याच बाटलीत, मूळ रेषेच्या शंभराव्या हिश्शाएवढी, थोडी सरकलेली मिळते. फक्त जास्त वेळ गोळा करत बसायचं, रात्रभर. ऑक्सिजन-18 मात्र 0.2 टक्केच, त्यासाठी पैसे मोजावे लागतात बहुतेक वेळा. सोमवारी सरांना सांग.